ओहायोतली आफ्रिका

सुमित्रामावशी आमच्याकडे नोव्हाय गावी येऊन तीन आठवडे झाले होते आणि त्यांच्या तोंडून अजून एकदाही 'वा' निघालं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, नसेल निघालं, त्यात एवढं काय? पण १९८३ साली मिशिगनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला विचारा. भारतातून पाहुणा आला की त्याला नायगारा दाखवायचा आणि त्यानं आ वासायचा, हा आमच्या मंडळींतला अलिखित करार होता. आमचे स्नेही डॉक्टर नरेंद्र टिपणीस यांचे सासरे तर नायगारा पाहून रडले होते. टिपणीस हे प्रत्येक पार्टीत सांगत, आणि सांगताना चेहरा असा करत की जणू धबधबा त्यांनीच सोडला होता. मावशींनी नायगारा पाहिला, रेनकोटाच्या आत पदर सावरला आणि म्हणाल्या, "पाणी पुष्कळ आहे." शिकागोच्या सगळ्यांत उंच इमारतीवर नेलं. "उंच आहे." माझी कंपनी बाहेरून दाखवली, अर्धा मैल लांबीच्या पार्किंग लॉटसकट. "जागा बरीच घेतलीय."

त्या खोटं काहीच बोलत नव्हत्या, म्हणून तर जास्त लागायचं.

मावशी म्हणजे माझ्या बायकोची, सुलेखाची, सख्खी मावशी. वय अडुसष्ट, अंगानं काडी, पण बसल्या की ताठ. त्यांचे यजमान नैरोबीला रेल्वेत हेडक्लार्क होते आणि मावशींनी तिथे सव्वीस वर्षं संसार केला होता. सुट्टीत पुण्याला आल्या की त्या भाचरांना एक गोष्ट सांगायच्या. संध्याकाळची वेळ, मावशी पोळ्या लाटताहेत, आणि मागच्या दारात सिंह. मावशींनी लाटणं उगारून स्वाहिलीत त्याला असं काही सुनावलं की तो आल्या पावली परत गेला. सुलेखाकडची वीसेक मुलं या गोष्टीवर वाढली होती. आमचं लग्न जमत असताना मध्यस्थांनी मला स्थळाची माहिती दिली ती 'मुलगी बी.एस्सी., वडील वकील, मावशीनं सिंह हाकललेला' अशी. आमच्या नऊ वर्षांच्या रुपालीनं तर ही गोष्ट इंग्रजीत करून वर्गात सांगितली होती आणि लाटणं म्हणजे काय ते बाईंना न समजल्यामुळे सुलेखाला लाटणं घेऊन शाळेत जावं लागलं होतं.

तेव्हा एका रविवारी पेपरात जाहिरात दिसली आणि मी खुर्चीतून उठलोच. 'सवाना एकर्स! आफ्रिका, फक्त दोन तासांवर! स्वतःच्या गाडीत बसून सिंह पाहा!'

"मावशी, आफ्रिका बघायला जाऊ या का?"

मावशींचा चहाचा कप ओठांशी थांबला. "कुठे?"

"ओहायोत."

"सिंह मोकळे असतात?"

"एकदम मोकळे. आपण गाडीत, ते बाहेर."

"मला काय त्याचं," मावशी म्हणाल्या, "मी पाहिलेत पुष्कळ." आणि कप तसाच ठेवून आत गेल्या. मला तो विनय वाटला. सुलेखाला वाटलं, तिला काकांची आठवण आली असणार. दोघंही चुकलो, पण ते पुढे.

बेत ठरला आणि सल्ले सुरू झाले. टिपणीस स्वतः कधी गेले नव्हते, त्यामुळे त्यांना सगळं माहीत होतं. "केळी नेऊ नका. हॉर्न चेक करा. आणि सगळ्यांनी टिटॅनसचं इंजेक्शन घ्या, मी देतो." त्यांच्या पत्नी कांचनवहिनींनी, गाडीत मसाल्याचे पदार्थ नेऊ नका, वासानं जनावरं पिसाळतात, असं सांगितलं आणि वर वाटेत खायला म्हणून डबाभर अळूवडी पाठवली. शेजारचा एड नोवाक हरणांची शिकार करणारा, त्याला खरोखरच थोडं कळत होतं. माझं नाव त्याला जमत नसे, म्हणून तो मला गेरी म्हणायचा. कुंपणावरून वाकून तो म्हणाला, "गेरी, टेक द ओल्ड कार."

इथे माझा स्वाभिमान आडवा आला. जुनी स्टेशन वॅगन होती, पण तिचा एसी बंद होता, आणि सिंहांच्या भागात काचा उघडायच्या नाहीत हा नियम. शिवाय नवी गाडी घेऊन तीनच महिने झाले होते. मरून रंग आणि वरती क्रीम रंगाचा व्हिनाइलचा टप. त्या काळी गाडीच्या टपावर असं चामड्यासारखं दिसणारं व्हिनाइल चिकटवायची फॅशन होती, आणि ते ज्यानं चिकटवतात तो गोंद माझ्या खात्यातला. होय. मी सात वर्षं टपाच्या गोंदावर काम करत होतो. ऊन, बर्फ, मीठ, गाडी धुवायच्या यंत्राचे ब्रश, सगळ्यांना पुरून उरलेला गोंद. 'दहा वर्षं निघणार नाही' हे कंपनीच्या पत्रकातलं वाक्य मी लिहिलेलं आहे.

"एड," मी म्हणालो, "या टपाला काही होत नाही."

एडनं खांदे उडवले आणि गवत कापायला लागला.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही निघालो. पुढे मी आणि मावशी, मागे सुलेखा, रुपाली आणि अळूवडी. मावशी वाटभर गप्प. रुपालीनं मागून विचारलं, "मावशीआजी, डिड द लायन हॅव अ मेन?" म्हणजे सिंहाला आयाळ होती का, तर मावशींनी कधी नव्हे ती कॉर्नफ्लेक्सची स्तुती सुरू केली.

सवाना एकर्सच्या फाटकात एका बाईंनी मला कागद दिला. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की गाडीचं, माणसांचं आणि सामानाचं जे काही होईल त्याला आम्ही जबाबदार नाही. मी वाचायला लागलो तर मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मराठी माणूस मागच्या हॉर्नला फार लवकर शरमतो. मी सही केली. फाटकापाशी डावीकडे एक बाण होता, 'व्हिनाइल टप असलेल्या गाड्यांनी बबून माकडांचा भाग टाळून या रस्त्यानं जावं.' हेही सांगायला हवं की मी तो वाचला. पण ती पाटी सर्वसामान्य व्हिनाइलसाठी होती असं माझं मत पडलं.

"अहो, पाटी," सुलेखा म्हणाली.

"माहितीय," मी म्हणालो आणि उजवीकडे वळलो.

सुरुवात सुरेख झाली. झेब्रे दिसले, जिराफ दिसला. एक शहामृग खिडकीतून डोकावला, सुलेखाच्या मांडीवरचा डबा त्यानं पाहिला आणि काच चढवायच्या आत दोन अळूवड्या उचलल्या. लांब मानेतून त्या खाली जाताना दोन वेगवेगळे उंचवटे दिसत होते. रुपाली हसून हसून सीटवरून घसरली. मी हळूच मावशींकडे पाहिलं. "मान लांब आहे," त्या म्हणाल्या.

मग बबून आले. आधी एक, बॉनेटवर बसून मला नीट न्याहाळणारा. त्याचा चेहरा थेट आमच्या चीफ इंजिनियरसारखा होता, म्हणजे ऐकून सगळं घ्यायचं पण मंजूर काही करायचं नाही असा. मग टपावर धप्प. पुन्हा धप्प. रुपाली मोजत होती, "फाइव्ह. सिक्स. डॅड, सेव्हन!" एकानं एरियल मोडून घेतली. बॉनेटवरच्या चीफ इंजिनियरनं एक वायपर काढून तोंडात धरला. त्याचंही मला काही नाही, वायपर माझं खातं नव्हतं. पण वरून एक आवाज यायला लागला. टर्रर्र. तो आवाज जगात फार थोड्या माणसांना ओळखता येईल आणि त्यांतला एक मी होतो. प्रयोगशाळेत आम्ही यंत्रानं व्हिनाइल ओढून गोंदाची ताकद मोजायचो, तेव्हाचा तो आवाज.

"कोपऱ्यापासून सुरुवात केलीय त्यांनी," मी म्हणालो. "कोपरा हीच कमजोर जागा. त्यांना कसं कळलं?"

"अहो, हॉर्न वाजवा!"

मी वाजवला. बबूनना तो आवडला असावा. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या मावशी काचेवर थाप मारून कडाडल्या, "तोका! तोका! क्वेंडा!" स्वाहिलीत 'चालता हो'. चीफ इंजिनियरनं त्यांच्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि वायपर चघळत राहिला.

"ही डझन्ट अंडरस्टँड, मावशीआजी," रुपाली म्हणाली. "ही वॉज बॉर्न इन ओहायो."

मराठीत हाक मारली की असाच चेहरा करणारी अनेक मुलं आमच्या ओळखीत होती.

साडेचार मिनिटं. मी घड्याळ लावून मोजलं, सवयच ती. दहा वर्षांचा गोंद साडेचार मिनिटांत. अर्धा टप त्यांनी पट्ट्यापट्ट्यांनी नेला, उरलेला मागच्या बाजूला एखाद्या लफ्फेदार शेल्यासारखा फडफडत राहिला, आणि तशा थाटात आम्ही दुसऱ्या फाटकातून सिंहांच्या राज्यात शिरलो.

तिथे गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी चालली होती. उन्हाचा पारा पंचाण्णव फॅरनहाइटवर, एसी पूर्ण जोरात. इंजिनाचा काटा लाल रेघेकडे सरकायला लागला, मग बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली. डावीकडे वीस पावलांवर एका झाडाखाली पाच सिंहिणी आणि एक आयाळवाला सिंह. पाटी होती, 'गाडी बंद पडल्यास हॉर्न वाजवा. कोणत्याही कारणानं उतरू नका.' मी हॉर्न वाजवला. एकही वनरक्षक आला नाही. सिंह मात्र उठला.

"बाबा!" रुपाली घाबरली की मराठीत येते.

"काही घाबरू नकोस गं," सुलेखा म्हणाली. "मावशी आहे ना आपल्याबरोबर. मावशी, सांग ना हिला. तू कसं केलं होतंस?"

मावशींनी दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरली होती.

"सुले," त्या म्हणाल्या, "मी सिंह पाहिलेला नाही."

"म्हणजे?"

"कधीच नाही. सव्वीस वर्षांत एकदाही नाही." सिंह चालत येत होता आणि मावशी त्याच्यावरची नजर न काढता बोलत होत्या. "अभयारण्य शहराला लागून होतं. हे दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ. कधी रजा नाही, कधी पाहुणे, कधी माझं आजारपण. मग एक दिवस कायमचं निघायची वेळ आली, आणि आम्ही बोटीत बसलो. सुट्टीत पुण्याला गेले की तुम्ही पोरं रांगेत बसून विचारायचात, मावशी, सिंह पाहिलास? वीस तोंडं माझ्याकडे बघताहेत. नाही कसं म्हणू? एकदा हो म्हटलं, मग लाटणं आलं, मग दरवर्षी थोडं थोडं वाढत गेलं."

गाडीतला एसी बंद पडलेला, काचाही बंद. सुलेखाचा चेहरा मला आरशात दिसत होता. पस्तीस वर्षांची बाई, पण त्या क्षणी सात वर्षांची दिसत होती.

तेवढ्यात सिंह पोचला. आधी त्यानं मागून लोंबणारं व्हिनाइल हुंगलं, पंजानं ओढून पाहिलं, ते हाती आलं तसं टाकून दिलं. मग गाडीला वळसा घालून तो मावशींच्या खिडकीशी आला आणि थांबला. काचेपासून वीतभर. त्याच्या श्वासानं काचेवर वाफ धरली. डोळे मधाच्या रंगाचे, नाकावर एक जुना ओरखडा, आयाळीत गवताची काडी. सुलेखानं रुपालीला कवटाळलं होतं, आणि मावशींनी काय करावं? त्यांनी पर्समधून चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला, आणि काचेला नाक लावलं.

"वा," मावशी म्हणाल्या.

अगदी हळू. मग जरा मोठ्यानं, "वा! काय देखणा आहे!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. सिंह मिनिटभर उभा राहिला, त्याला जे पाहायचं ते पाहून झालं असावं, आणि परत झाडाखाली जाऊन आडवा झाला. मागे सुलेखाला आधी हुंदका आला, मग तिच्या हुंदक्याचं हसू झालं, आणि मग ती मावशींच्या गळ्यात मागूनच हात टाकून, "खोटारडी! खोटारडी मावशी!" म्हणत हसत सुटली. झेब्र्याचे पट्टे रंगवलेली जीप घेऊन शेवटी एक धिप्पाड वनरक्षक बाई आल्या, तेव्हा त्यांना बंद पडलेल्या, टप सोललेल्या गाडीत चार माणसं पोट धरून हसताना दिसली. उष्माघात झाला असं समजून त्यांनी आधी बर्फ मागवला.

दोरी बांधून गाडी ओढत नेण्यापर्यंतचा भाग मी गाळतो. माझ्या दृष्टीनं खरी आपत्ती सोमवारी सुरू झाली, कारण गाडीचा विमा होता आणि विम्याचा फॉर्म होता. 'अपघातातल्या दुसऱ्या व्यक्तीचं नाव.' 'दुसऱ्या व्यक्तीचा लायसन्स नंबर.' 'दुसऱ्या व्यक्तीनं दारू प्यायली होती का?' मी पेन ठेवून टिपणीसांना फोन लावला.

"गारा लिहा," टिपणीस फोनवर म्हणाले. "यार, मिशिगनमध्ये कधीही गारा पडतात. कोण बघायला येतंय?"

मोह झाला, खोटं सांगत नाही. विम्यासाठी नाही हो. पण ती बातमी माझ्या खात्यात गेली असती तर? गारांपुढे हरलेल्या गोंदाला काही इभ्रत असते. बबूनपुढे हरलेल्या गोंदाला काय असणार? मी लिहिलं, 'गारा.'

बघायला माणूस आला. मिस्टर हॉलोवे, पन्नाशीचे, भुवया दाट, हातात क्लिपबोर्ड. गॅरेजसमोर उभे राहून ते टपाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"हेल," ते म्हणाले. म्हणजे गारा.

"हेल," मी म्हणालो.

त्यांनी एका खुणेवरून बोट फिरवलं. "धिस हेल हॅड टीथ."

तेवढ्यात मावशी चिवड्याची बशी घेऊन बाहेर आल्या. नैरोबीत इंग्रज साहेबांच्या बायकांशी बोलून त्यांचं इंग्रजी सावकाश पण ठाम झालं होतं.

"नो हेल," मावशी म्हणाल्या. "बबून. सेव्हन. आय वॉज प्रेझेंट."

"मावशी," मी मराठीत कळवळून म्हणालो, "मी सांगतो ना त्यांना."

"गिरीशराव," मावशी म्हणाल्या, "अडुसष्ट वर्षांत माझ्या आयुष्यात सांगण्यासारखी एकच खरी गोष्ट घडलीय. तिच्या तुम्ही गारा करू नका."

मी फॉर्मवरच्या गारा खोडल्या. हॉलोवे स्वयंपाकघरात बसले. मावशींनी त्यांना सगळं सांगितलं, शहामृगापासून. चीफ इंजिनियर कसा बसला होता ते खुर्चीवर उकिडवं बसून दाखवलं. हॉलोवेंनी तीन पानं भरली आणि चिवड्याची दुसरी बशी संपवली. निघताना त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "अँड व्हॉट डू यू डू, सर?"

"ऑटो इंडस्ट्री," मी म्हणालो.

"ही मेक्स द ग्लू," रुपाली म्हणाली. "फॉर द रूफ."

हॉलोवेंनी ते लिहून घेतलं नाही. एवढ्या चांगुलपणाबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. ऑफिसात मात्र ते आपोआप कळलं, कारण आमच्या मराठी मंडळींच्या पुढच्या शनिवारच्या पिकनिकला कांचनवहिनींनी ते सगळ्यांना सांगितलं आणि आमच्यात कुणाचा ना कुणाचा नवरा प्रत्येक कंपनीत होता. आमच्या साहेबांनी मला बोलावलं, दार लावलं आणि गंभीरपणे विचारलं, "साडेचार मिनिटं? नक्की?" मग महिनाभर आमच्या खात्यात प्रत्येक नव्या नमुन्यावर कुणीतरी केळ्याचं चित्र चिकटवून ठेवत असे. ते मात्र निघता निघत नसे. मीच बनवलेला गोंद.

ऑगस्टमध्ये विमा कंपनीचं पत्र आलं. दावा मंजूर! त्यांच्या यादीत बबून हा प्रकार नव्हता, म्हणून तो त्यांनी सर्वांत जवळच्या प्रकारात बसवला होता, 'गाडीवर पडलेली वस्तू'. मी पत्र दोनदा वाचलं, सुलेखाला वाचून दाखवलं, आणि आनंदाच्या भरात मावशींनाही मराठीत समजावून दिलं.

मावशींच्या कपाळाला आठी पडली. "पडलेली?"

"हो. म्हणजे वरून."

"पडला नव्हता तो. चढला होता. मी पाहिलंय."

"मावशी, मंजूर झालंय. आता काही बोलायचं नाही."

त्या काही बोलल्या नाहीत. पण चार दिवसांनी मला कळलं की त्यांनी रुपालीला बसवून पत्र लिहून घेतलं होतं आणि दोघींनी कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलंही होतं. 'डिअर मिस्टर हॉलोवे, द बबून डिड नॉट फॉल. ही क्लाइम्ब्ड. प्लीज करेक्ट.' खाली मावशींची देवनागरीत सही.

पुढचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. चढणाऱ्या वस्तूंना विम्यात जागा नाही हे आता त्यांच्या लक्षात येणार, मंजुरी रद्द होणार, कदाचित गारांचं प्रकरणही उकरून काढलं जाणार. शुक्रवारी संध्याकाळी फोन वाजला. हॉलोवेच.

"पत्र मिळालं," ते इंग्रजीत म्हणाले. "ऑफिसातल्या सगळ्यांनी वाचलं. फाइलमध्ये आता 'चढला' असं लिहिलंय. दावा आहे तसाच आहे." मग त्यांनी विचारलं, "इज द लेडी देअर?"

मी फोन मावशींकडे दिला. त्या दहा मिनिटं बोलत होत्या, मध्येच "येस येस, व्हेरी हँडसम" म्हणत होत्या, आणि एकदा तर चक्क खिदळल्या. फोन ठेवून त्या आमच्याकडे वळल्या तेव्हा गाल लाल झाले होते.

"काय म्हणाला गं?" सुलेखानं विचारलं.

"अगं, बिचारा पन्नास वर्षं त्या सिंहापासून दोन तासांवर राहतोय आणि अजून गेलेला नाही. पुढच्या वर्षी जाईन म्हणत होता." मावशींनी पदर खोचला. "मी म्हटलं, पुढच्या वर्षी काही नाही. या रविवारी निघायचं. अळूवड्या मी करते."

माझा हात नकळत खिशातल्या किल्लीकडे गेला.

"घाबरू नका, गिरीशराव," मावशी म्हणाल्या. "गाडी त्याची आहे."